मदत हवी आहे: साओ पावलोत ब्राझीलचा गायक रोबेर्तो कार्लोस याच्यासारखा गाणारा कोणी माहीत आहे का?

मंडळी, आमच्या शेजारच्या आजींना पुढच्या महिन्यात ८० वर्षं पूर्ण होतायत. परक्या देशात त्यांनी मला आईची माया दिली. त्यांचा जीव रोबेर्तो कार्लोसवर! १९७४ साली सुरू झालेला त्याचा नाताळचा टीव्हीवरचा कार्यक्रम त्या चुकवत नाहीत. मैफल संपताना तो प्रेक्षकांना गुलाब वाटतो ना, त्यातला एक त्यांनी वाळवून जपलाय. आता बाहेर जाणं त्यांना झेपत नाही, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा, निळ्या-पांढऱ्या पोशाखात गाणारा कलाकार घरी बोलवायचाय. नुसता तोंडावळा जुळून भागणार नाही. त्याचं ‘देताल्येस’ हे गाणं तितकंच हळुवार गाता आलं पाहिजे. कोणी अनुभव घेतलाय का? बिदागी साधारण किती द्यावी?