मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगचा शार्कुटरी बोर्ड (लवकर सांगा)

पानगळ_एनजे
गुरुवारी पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी शार्कुटरी बोर्ड, म्हणजे मांस-चीज-फळांची थाळी, मांडायची आहे. प्रोशुटो, सलामी (दोन्ही मुरवलेलं मांस), ब्री, चेडर, पार्मेजान (तिन्ही चीज), सफरचंदं, डाळिंब, अंजिराचा जॅम, पेकान, क्रॅकर्स सगळं आणून झालंय. काल थोडं मांडून पाहिलं तर प्रोशुटोचा गोळा झाला, सफरचंदं काळी पडली आणि क्रॅकर्स मऊ. काय चुकतंय? आणि एवढं सामान पुरेल का? रेसिपीच्या लिंका नकोत, वाचून झाल्यात.

चुलखंड
किती माणसं? बोर्ड जेवणाआधी की जेवणाऐवजी? आणलेल्या वस्तूंची वजनं? हे न सांगता 'पुरेल का' याचं उत्तर कसं देणार?

ओली_सुपारी
क्रॅकर्स मऊ पडतात कारण ते चीज आणि फळांना टेकून ठेवलेले असतात. चीज ओलावा सोडतं, कापलेलं फळ रस सोडतं. क्रॅकर्स पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी, सगळ्यात शेवटी ठेवायचे. अर्धेच ठेवा, बाकीचे डब्यात बंद. क्रॅकर्स मांडून बोर्ड फ्रिजमध्ये ठेवला असेल तर ते वाचणारच नाहीत.

खारवलेला
रेड वाइन घेऊ नका, ब्रीबरोबर कडवट लागते. ड्राय सायडर (सफरचंदाची दारू) किंवा रीसलिंग ही पांढरी वाइन घ्या. शरद ऋतूत सायडरच.

पानगळ_एनजे
वाइनचं विचारलं नव्हतं. १२ जण. जेवण पाचला, लोक तीनला येतील.

चुलखंड
जेवणाआधी असेल तर माणशी २ औंस चीज आणि २ औंस मांस धरतात. नंतर जेवणात टर्की आहे, म्हणजे दीड औंसही चालेल. १२ जणांना चीज १८ ते २४ औंस, म्हणजे जास्तीत जास्त दीड पौंड. मांसाचा हिशेब सगळे खाणारे आहेत का यावर. आहेत का?

पानगळ_एनजे
चौघे शाकाहारी. एक मैत्रीण गरोदर आहे. दोन लहान मुलं. हे सगळं महत्त्वाचं आहे का? मला मांडणी हवी होती.

मेथीचा_पाला
सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे! शाकाहारींच्या ताटलीत पार्मेजान ठेवू नका. खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटनेच (पोटातल्या, दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने) बनतं, तसा नियमच आहे. ग्राना पादानो आणि ग्रुयेरही तसेच. पाकिटावर 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' लिहिलेलं चेडर घ्या. त्यांचा बोर्ड वेगळा, चाकूही वेगळा. एकाच लाकडावर सलामीची चरबी पसरली की मग 'त्या कोपऱ्यातलं घ्या' सांगण्यात अर्थ नाही.

ओली_सुपारी
आणि मांसाहारींनाही विचारा, पोर्क आणि बीफ दोन्ही चालतं का. ब्रेसाओला हे बीफ, प्रोशुटो आणि बहुतेक सलामी पोर्क. 'बीफ सलामी' किंवा 'टर्की सलामी' लिहिलेलं असलं तरी बाहेरचं आवरण कधीकधी पोर्कचं असतं, घटकांची यादी पाहा. आपल्याकडचे पाहुणे बहुधा संकोचाने बोलत नाहीत, न खाता बसतात.

चुलखंड
चौघे आणि गरोदर बाई वगळून सात उरले. तेव्हा मांस १४ औंस, मुलं खाणार नसतील तर १० पुरे.

खारवलेला
गरोदर मैत्रिणीला ब्री चालेल की. अमेरिकेत दुकानातली ब्री पाश्चराइज्ड दुधाचीच असते, कच्च्या दुधाचं चीज ६० दिवस मुरवल्याशिवाय विकताच येत नाही.

मेथीचा_पाला
दूध पाश्चराइज्ड असलं तरी चीज बनल्यानंतर लिस्टेरिया हा जंतू शिरू शकतो, आणि मऊ, ओलसर चीजमध्ये तो फ्रिजमध्येही वाढतो. प्रोशुटो, सलामी तर तिच्यासाठी १६५ फॅरनहाइटपर्यंत गरम केल्याशिवाय नकोच. चेडर, गौडा द्या. ब्रीचा धोका स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचा, दुसऱ्याच्या नाही.

खारवलेला
डॉक्टरला विचारायला सांगा, संपलं. उगाच घाबरवू नका.

फराळवाली_डॅलस
इतका खटाटोप कशाला? मराठी मंडळी असतील तर चकली, भाकरवडी, शंकरपाळे ठेवा, दिवाळीचं उरलेलं असेलच.

मेथीचा_पाला
शंकरपाळे शाकाहारी बोर्डवर खरंच चांगले. निळ्या चीजशेजारी गोड कुरकुरीत काहीतरी हवंच असतं. चकली मात्र खारट चेडरबरोबर नको, मीठ दुप्पट होतं.

ओली_सुपारी
प्रोशुटोचं राहिलं. तुम्ही तो बाहेर काढून कोमट झाल्यावर सोडवला असणार. चरबी मऊ झाली की कापे एकमेकांना चिकटतात आणि फाटतात. थंड असतानाच एकेक काप कागदासकट उचला, कागद सोलून काढा, काप मधोमध चिमटीत धरून सैल सोडून द्या. दाबायचा नाही, गुंडाळायचा नाही.
सलामीचं फूल करायचं असेल तर अरुंद तोंडाचा ग्लास घ्या. पातळ कापे काठावर अर्धी आत अर्धी बाहेर, एकमेकांवर चढवत दोन-तीन थर, मग ग्लास उलटा. जाड काप घडीत राहत नाही, उघडतो.
सफरचंदाला एक कप पाण्यात अर्धा चमचा मीठ, दहा मिनिटं भिजवून साध्या पाण्याने धुवा. मीठ त्या काळं करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. लिंबूही चालतं, पण चव राहते.

चुलखंड
क्रम: आधी वाट्या (जॅम, डाळिंब), मग चीज वेगवेगळ्या कोपऱ्यांत, मग मांस, फळं, शेवटी फटींत पेकान. डाळिंबाचे दाणे ब्रीवर टाकू नका, दहा मिनिटांत गुलाबी डाग पडतात. चेडर चौकोनी न कापता चाकूच्या टोकाने तोडा, ओबडधोबड तुकडे भरगच्च दिसतात. ब्री अख्खी ठेवा, एकच फोड काढून.
चीज तासभर आधी बाहेर, नाहीतर चवच लागत नाही.

मेथीचा_पाला
तासभर आधी आणि मग तीन ते पाच? तीन तास होतात. नाशवंत पदार्थ खोलीच्या तापमानात दोन तास, हा यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) नियम आहे.

चुलखंड
चेडर आणि सुकी सलामी त्यात टिकतात. ब्री आणि कापलेली फळं नाहीत. म्हणून एक मोठा बोर्ड न करता दोन छोटे करा. पहिला पावणेतीनला, दुसरा साडेचारला. ब्री अर्धी अर्धी, तीही मांडतानाच बाहेर काढा.

पानगळ_एनजे
दोन बोर्ड चालतील, एक शाकाहारी तसाही लागतोय. मुलं तीन आणि सहा वर्षांची. सजावटीला छोटे भोपळे आणि लाल बेरींच्या फांद्या आणल्यात, त्या ठेवू?

ओली_सुपारी
बेरींच्या फांद्या नको! होली आणि बिटरस्वीटच्या बेरी विषारी असतात आणि तीन वर्षांचं मूल हात घालणारच. रोझमेरी, सेज लावा. सजावटीच्या छोट्या भोपळ्यांवर अनेकदा व्हार्निश असतं, ते टेबलावर ठेवा, खाण्याला टेकवू नका. लहान मुलासाठी द्राक्षं उभी चार भाग करून, पेकान त्याच्या हाताबाहेर. कोणाला सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर पेकान मुळात वाटीतच.

पानगळ_एनजे
द्राक्षं आणलीच नाहीत. घेते. बोर्ड नवा आहे, त्याला खोबरेल लावलं तर?

खारवलेला
खाण्याचं तेल लाकडात खवट होऊ शकतं. फूड-ग्रेड मिनरल ऑइल लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरड्या कापडाने पुसा. बुधवारीच करा, गुरुवारी नाही.