गूगलचं पान धाडकन कोसळतं, ते आतून कसं चालतं?

निवांत_कोडर: काल एकाने गूगल ग्रॅव्हिटी नावाचं गमतीचं वेबपान उघडून दिलं, मला वाटलं नेहमीचंच पान आहे, माउस हलवला तर लोगो, सर्चबॉक्स, बटणं सगळं धपाधप खाली. एक बटण उचलून भिरकावलं तर लोगोवर आपटून गरगर फिरलं 😄 अर्धा तास तेच करत बसलो. मग म्हटलं आपल्या पानावर करून बघू. लूपमध्ये एकेक डिव्हची (पानावरच्या डब्याची) जागा मोजतो आणि लगेच त्याला पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट देतो (म्हणजे रांगेतून काढून ठरावीक जागी ठेवतो), पण सगळे डबे वरच एकमेकांवर चढून बसतात आणि फिजिक्स चालू केलं की फटाक्यासारखे उडतात. कुठे गंडतंय?

जुना_खोडकर: अरे ते २००९चं आहे! बनवणारा मिस्टर डूब म्हणजे रिकार्डो काबेलो, पुढच्या वर्षी थ्री जेएस (ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवायची लायब्ररी) आणलं तोच. खाली बॉक्स२डी नावाचं फिजिक्स इंजिन (पडणं-आपटणं मोजणारा कोड), त्याचं जावास्क्रिप्ट रूप. आणि ते गूगलचं खरं पान नाहीये बरं का, हुबेहूब नक्कल आहे, एका साइटला दुसरीच्या पानात हात घालायला ब्राउझर देत नाही. बाकी कोडचं तज्ज्ञ सांगतील, मी फक्त खेळतो.

पिक्सेलवाली: अहो तुम्ही पहिला डबा अ‍ॅब्सोल्यूट केलात की तो रांगेतून उठला, मग दुसरा सरकून त्याच्या जागी आला, आणि तुम्ही त्याला मोजलंत तिथे. दोन लूप करा, आधी सगळे मोजा, मगच हलवा. उडतात ते बरोबरच आहे, एकात एक घुसलेले डबे इंजिन जोरात बाहेर ढकलतं.
अजून एक, बॉक्स२डी डब्याचा मधोमधचा बिंदू सांगतं आणि सीएसएसचं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचं) लेफ्ट-टॉप वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, तेव्हा अर्धी रुंदी-उंची वजा करा. मी यात अख्खा रविवार घालवलाय. पिक्सेल पण तसेच देऊ नका, त्याचं माप मीटरचं, ३०ने वगैरे भागा, नाहीतर सगळं पिसासारखं हळू पडतं.

निवांत_कोडर: चाललं!! मेन्यू असा काही कोसळला ना. पण लिंक फेकायला गेलो की सोडल्यावर तीच उघडते 🤦

पिक्सेलवाली: हाहा, ते होणारच. माउस चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त सरकला असेल तर क्लिक अडवा.