दूरचे मित्र, जवळच्या गोष्टी: गोव्यातून आपले अनुभव लिहा

फोंडा

रात्री जेवणे आटोपली, घरात निजानीज झाली, की मी फोन हातात घेऊन दिवसभराचे संदेश शांतपणे वाचतो. आमचा गट सात जणांचा आहे. दोघे गोव्यातले, बाकीचे नाशिक, सोलापूर, बेळगाव आणि मस्कत येथे राहणारे. संगीत नाटकांची जुनी ध्वनिमुद्रणे शोधताना २०१२ साली आमची ओळख झाली आणि त्यांतल्या चौघांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाही. तरीही माझ्या मुलीच्या बारावीच्या निकालाची वाट त्यांनी माझ्याइतक्याच अधीरतेने पाहिली, आणि निवडणुकीच्या दिवसांत आम्ही एकमेकांशी कडाडून भांडलोही.

फोनवरून जुळलेल्या अशा दूरच्या मैत्रीचा हा विषय गोव्यातल्या मंडळींपुढे मुद्दाम मांडावासा वाटला, त्याला कारण आहे. आपल्या विधानसभेचे मतदारसंघ ४०, आणि एकेका मतदारसंघात सरासरी ३० हजारांच्या आतच मतदार. आमदार चवथीला घरी येऊन गणपतीच्या पाया पडून जातो, लग्नाला हजेरी लावतो; पंच तर पलीकडच्या वाड्यावरचाच असतो. त्यामुळे तिठ्यावर उभे राहून राजकारण बोलायचे झाले तर माणूस आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहतो. सोलापूरच्या मित्राशी बोलताना मला असे पाहावे लागत नाही. त्याला आमचा पंच ठाऊक नाही, माझा चुलतभाऊ कोणत्या पक्षाचे काम करतो हेही ठाऊक नाही. माझे मत अजून कच्चे असताना, ते बदलण्याची मोकळीक ठेवून, मी ते त्याच्यापुढे मांडू शकतो. गावात एकदा बोललेले मत जन्मभर चिकटते.

दुसरी गोष्ट माझ्या छंदाची. आमच्या गावच्या जत्रेत मांडवात झालेल्या मराठी नाटकांची हस्तपत्रके मी गोळा करतो. काही घरांत ती देवघराच्या फळीखाली मिळाली, काही भाताच्या कणगीमागे. एका पत्रकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी आहे: मिशा दोन, शालू एक, पेट्रोमॅक्सची मेंटल चार, पेटीवाल्याला चहा. मी त्याचे छायाचित्र गटात पाठवले तेव्हा नाशिकच्या ताईंनी त्या अक्षराकडे बारकाईने पाहून, दुसऱ्या एका पत्रकावरच्या सहीशी ते जुळते असे दाखवून दिले. यादी लिहिणारा आणि नायिकेची भूमिका करणारा गृहस्थ एकच होता. माझ्या शेजारच्या घरातली ही गोष्ट मला नाशिकहून कळली.

आपणही लिहावे. मित्र कसा भेटला, कशावर बोलता, कशावर बोलणे टाळता, आणि मतभेद झाल्यावर पुढे काय झाले, हे सविस्तर आले तर बरे. मित्रांची नावे मात्र लिहू नयेत.

साखळी

माझ्या वडिलांचे दोन ट्रक खनिज वाहतुकीवर होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि दोन्ही ट्रक घरासमोर उभे राहिले. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाला परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही पुन्हा टायर घातले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद. या तारखा मला घरातल्या वाढदिवसांसारख्या पाठ आहेत.

सांगलीचा माझा मित्र आणि मी जुने रेडिओ दुरुस्त करतो. व्हॉल्व्हचे रेडिओ; त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण, म्हणून आमची ओळख झाली. तो मला कंडेन्सर पाठवी, मी त्याला इथल्या जुन्या घरांतून मिळालेल्या रेडिओंच्या खोक्यांची मापे पाठवी. ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळावा यावर आम्ही दोन-दोन तास लिहीत असू. २०१८ च्या त्या फेब्रुवारीत त्याने बातमी वाचून लिहिले, ‘खाणी बंद झाल्या, बरेच झाले, डोंगर तरी वाचतील.’ मी त्याला फार कडक उत्तर दिले. डोंगर वाचले, आता आम्हाला कोण वाचवणार, असा त्या उत्तराचा सूर होता, आणि त्यात त्याच्या नोकरीवरून एक बोचरे वाक्यही होते, ज्याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

अकरा दिवस त्याचा एकही शब्द आला नाही. बाराव्या दिवशी एका ओळीचा संदेश आला: ‘ट्रकचे हप्ते किती राहिले आहेत?’

त्या प्रश्नाने माझा राग ओसरला. मी त्याला हप्त्यांचा आकडा सांगितला, वडील रात्री अंगणात फेऱ्या घालतात तेही सांगितले. आणि मग, इतकी वर्षे घरात किंवा गावात कोणापाशी न बोललेली गोष्ट लिहिली. ट्रक धावत होते तेव्हा आमच्या तुळशी वृंदावनावर तांबड्या धुळीचा थर बसे. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने ते पुसून मगच दिवा ठेवी, आणि फडके पिळल्यावर बादलीतले पाणी विटेच्या रंगाचे होई. खालच्या शेतात पावसाबरोबर चिखल उतरून भाताची रोपे वाढवायची दाढ बुजली होती. आमच्या घरात खाणीविरुद्ध बोलणे म्हणजे ताटातल्या अन्नाविरुद्ध बोलणे, म्हणून मी गप्प राहिलो होतो. त्याने ते वाचून मला जिंकल्याचा आव आणला नाही. वडिलांच्या ट्रकला दुसरे कोणते काम मिळू शकेल, यावर तो माझ्याशी आठवडाभर बोलत राहिला.

खाणीबद्दल आमची मते आजही एक नाहीत. नियमात बसवून खाण चालावी असे मला वाटते, त्याला ते शक्य वाटत नाही. एक ट्रक विकला. दुसरा चिरे वाहतो.

दिवाडी

साखळीच्या भाईंचा अनुभव वाचून मला लिहावेसे वाटले. मी पणजीला नोकरीला जाते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरेपर्यंत फेरीबोटीत जी काही मिनिटे मिळतात, तेवढ्यात लातूरच्या मैत्रिणीला ध्वनिसंदेश पाठवण्याची माझी सवय आहे. सुरुवातीला साखळदंडांचा आणि इंजिनाचा आवाज जातो. ती म्हणते, त्यावरूनच तिला कळते की आज मी वेळेवर निघाले. आमची ओळख विणकामाच्या नमुन्यांवरून झाली आणि बरेचसे बोलणे टाके, लोकर, मुलांचे डबे यांवरच चालते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते, तेव्हा ती मला घरातल्या भांड्यांचा हिशोब सांगत असे: पिण्याच्या दोन कळश्या, धुण्याचे पाणी झाडांना, झाडांना पुरले नाही तर झाडे सोडून द्यायची. म्हणून २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले आणि इथे असंतोष उसळला, तेव्हा तिने मला साधा प्रश्न विचारला. ‘तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो, मग थोड्या पाण्यावरून एवढे भांडण का?’ तहानलेल्या गावातल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न होता. त्याला घोषणेने उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

मी तिला फेरीतूनच सांगितले, दोन-तीन दिवस, तुकड्या-तुकड्यांनी. ज्या पाण्यावरून मी जाते ती मांडवी, आणि वर सत्तरीत तीच म्हादई. इथे भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत येते. वरून गोडे पाणी जोराने येत असेल तोवर खारे पाणी मागे रेटले जाते. तो जोर कमी झाला की खारटपणा वर सरकतो. आमच्या खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांना, बांध आहेत आणि बांधांत मानस आहेत. भरती आली की पाण्याच्या दाबानेच मानसाची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर जाते. पण नदीच खारट झाली तर मानस तरी काय करणार? शिवाय तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांच्या नळांना ओपाहून पाणी येते, ते खांडेपार नदीचे, आणि खांडेपार ही मांडवीचीच उपनदी. आमच्याकडे पाऊस पुष्कळ पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांत समुद्राला मिळतो. मे महिन्यात आमच्याही विहिरी तळ दाखवतात.

ती म्हणाली, ‘तुझे कळले. पण वरच्या गावातली बाई मला भेटली असती तर मला तिचेही कळले असते.’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि तिनेही ते मागितले नाही.

मडगाव

माझे घर कोंकणी बोलणारे आणि मी मराठी लिहिणारा आहे. साताऱ्याच्या मित्राशी माझी ओळख ऑर्कुटवर झाली. २०१४ च्या सप्टेंबरात ते बंद होणार असे कळल्यावर आम्ही घाईघाईने ईमेल पत्ते लिहून घेतले. एकदा त्याने विचारले की गोव्यात मराठी इतकी वाचली जाते, तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लोकांनी महाराष्ट्रातले विलीनीकरण का नाकारले? मी त्याला आकडे सांगितले: वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते. पण आकड्यांनी त्याचे समाधान होईना, म्हणून आजीची गोष्ट सांगितली. आजी रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचत असे, आणि त्या दिवशी तिने शिक्का दोन पानांवर, म्हणजे वेगळे राहण्याच्या चिन्हावर मारला. आजोबांनी विलीनीकरणाच्या फुलावर मारला. दोघे एकाच बैलगाडीतून गेले आणि एकाच गाडीतून परतले. पूजेची भाषा वेगळी आणि राज्य कोणी करावे हा प्रश्न वेगळा, असे आजी म्हणायची.

१९८७ च्या राजभाषा कायद्यावर आमचे अजून एकमत नाही. देवनागरीतली कोंकणी राजभाषा आणि शासकीय कामासाठी मराठीचाही वापर, ही तडजोड मला न्याय्य वाटते, त्याला अपुरी वाटते. दर शनिवारी मात्र मी त्याला एक कोंकणी शब्द शिकवतो. मागचा शब्द ‘उमाळो’ होता.

बार्देश (गावाचे नाव देत नाही)

वरचे सर्व अनुभव चांगले आहेत, म्हणून दुसरी बाजूही नोंदवते. १४ फेब्रुवारी २०२२ च्या मतदानाआधी मी सोळा जणांच्या एका खाजगी गटात आमच्या भागातील रस्त्याच्या कामाविषयी चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या ओळींचे छायाचित्र ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांच्या माणसांच्या हाती होते. कोणी धमकी दिली नाही. फक्त माझ्या भावाच्या दुकानावर दोन ओळखीचे गृहस्थ आले, चहा घेतला आणि ‘तुमची ताई फार लिहिते’ एवढे बोलून गेले. भावाने मला दोष दिला नाही, पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

ज्याने छायाचित्र पुढे पाठवले, त्याच्याशी मी तीन वर्षे रोज बोलत होते. त्याच्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी फोनवर जागले होते. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘तू खरे लिहिले होतेस, म्हणून पुढे पाठवले.’ कदाचित त्याला तसेच वाटले असेल. परंतु खरे काय ते कोणापुढे आणि केव्हा बोलायचे हे ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, आणि तो त्याने मला न विचारता घेतला. मी आता तिघींशीच बोलते. बोलणे बंद मात्र केलेले नाही, आणि करणारही नाही.

म्हापसा

बार्देशच्या ताईंना एवढेच कळवतो की आमच्या गटात कोणाचाही मजकूर बाहेर पाठवण्यापूर्वी ‘पाठवू का?’ असे विचारण्याची रीत आम्ही याच कारणासाठी पाडली आहे.

काणकोण

मी माटोळीत बांधल्या जाणाऱ्या वनस्पतींची वही करते आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला रानातली फळे आणि फुले बांधतात. ती आमच्याकडे सासरे आणत, आता मुलगा आणतो, आणि नावे फक्त सासूबाईंना ठाऊक. वेंगुर्ल्याची एक मैत्रीण आणि पुण्याचे एक निवृत्त शिक्षक मला या कामी मदत करतात. मी फळाचे छायाचित्र पाठवते, त्याखाली सासूबाईंनी सांगितलेले नाव लिहिते, वेंगुर्ल्याची मैत्रीण तिच्याकडचे नाव कळवते, आणि गुरुजी शास्त्रीय नाव शोधतात. कवंडळाचे लाल फळ कापून बी दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. ते कापले तेव्हा आतला गर हिरवट-काळा निघाला आणि बोटांना आलेला वास दिवसभर गेला नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले आणि आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. पाचव्या दिवशी टेकडीवर जाऊन फोन सुरू केला. गुरुजींचे सहा संदेश होते. पहिल्या पाचांत आम्ही सुखरूप आहोत का, अशी विचारणा होती. सहावा असा: ‘उत्तर नाही, म्हणजे वीज नसेल असे धरून चालतो. वहीचे मी उतरवून घेतलेले भाग माझ्यापाशी आहेत, काळजी नसावी.’ मैत्रिणीने भिरंडाची (कोकमाची) सोले उन्हात होती ती भिजली का, असे विचारले होते. अर्धी भिजली होती. तिचीही भिजली होती.

वहीत आता ४३ वनस्पती झाल्या आहेत. आंबाडे, तोरिंजन, सुपारीची शिपटी यांच्याविषयी शंका नाही. अडचण एका वेलीची आहे, जिला सासूबाई निव्वळ ‘गणपतीची वेल’ म्हणतात. पाने हृदयाच्या आकाराची, फळे वाटाण्याएवढी आणि झुबक्यांनी येणारी. सत्तरी, सांगे किंवा पेडण्याकडे कोणाच्या घरी ती माटोळीला बांधत असतील, तर तिथे तिला काय म्हणतात ते कृपया येथे लिहावे. मी गुरुजींना कळवीन.