मदत हवी आहे: स्पॅनिशमधलं 'आब्लामोस' आजचं की कालचं?

नमस्कार मंडळी,

देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या ए-टू पातळीची तयारी करते आहे. सध्या नियमित क्रियापदांचा साधा भूतकाळ चालू आहे. शेवटी 'आर' असणाऱ्यांसाठी आब्लार (बोलणे) घेतलं: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. 'एर' आणि 'इर'चे प्रत्यय एकच, त्यामुळे कोमेर (खाणे) पाठ झालं की बिबीर (राहणे) आपोआप येतं: कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. आपल्यासारखं 'भात खाल्ला, पोळी खाल्ली' करावं लागत नाही, काहीही खाल्लं तरी कोमीच. हे फार आवडलं.

अडतंय दोन ठिकाणी. 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो', दोन्हींना आब्लामोसच! ओळखायचं कसं? आणि 'मी बोलतो' व 'तो बोलला', दोन्ही मला आब्लो असंच ऐकू येतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, खरी मेख तिथेच आहे. जोर कुठे पडतो ते ऐका. आऽब्लो म्हणजे 'मी बोलतो', आब्लोऽ म्हणजे 'तो बोलला'. लिहिताना या दुसऱ्यातल्या ओवर तिरकी रेघ येते, ती राहिली तर काळही बदलतो आणि कर्ताही. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही. जोड्या मोठ्याने म्हणा: काऽन्तो-कान्तोऽ, कोऽम्प्रो-कोम्प्रोऽ.

आब्लामोस मात्र संदर्भावरूनच कळतं, स्पॅनिश लोकही तसंच ओळखतात. सोबत आयेर (काल) किंवा आनोचे (काल रात्री) असेल तर प्रश्नच मिटला. बिबिमोसचंही तेच. 'एर'वाले तेवढे सरळ: कोमेमोस खातो, कोमिमोस खाल्लं.

लेखी पेपरसाठी एक सांगून ठेवतो. बुस्कारचं (शोधणे) 'मी'चं रूप बुस्के, पण स्पेलिंगमध्ये सी जाऊन क्यू-यू येतं, कारण ईपुढे सीचा 'क' टिकत नाही. येगारमध्येही (पोहोचणे) तसंच, जीनंतर यू घालायचा. बाकीच्या पाच रूपांना हात लावायचा नाही.

धागाकर्ती

खूप आभार दादा, जोराचं आत्ता लक्षात आलं! मग 'आज सकाळी खाल्लं' यालाही कोमी चालेल ना?

प्रतिसाद

लॅटिन अमेरिकेत बिनधास्त. स्पेनमध्ये बहुतेक भागांत आजच्या गोष्टीला 'ए कोमीदो' म्हणतात, आपल्या 'खाल्लं आहे'सारखं. आणि 'लहानपणी खायचो' असं सवयीचं असेल तर दोन्हीकडे कोमीआ.