'चावट' आणि 'सहकुटुंब' एका ओळीत चालतात का?

गच्चीवाला
कोजागरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मसाला दूध आणि एक सिनेमा असतो. यंदा निवड माझ्याकडे आली, मी 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) ठरवला. खालच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'हलकाफुलका, थोडासा चावट चित्रपट. सर्वांनी सहकुटुंब यावे.' तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात गाठलं. "चावट असेल तर सहकुटुंब लिहू नकोस, आणि सहकुटुंब असेल तर चावट पूस." मी म्हटलं, आजी, चावट म्हणजे नुसतं खट्याळ हो. तर म्हणाल्या, "खट्याळ म्हणजे कृष्ण. चावट म्हणजे तुझे आजोबा." (आजोबा शाळेत त्यांच्या वर्गात होते. पुढे काही विचारलं नाही.)

तर प्रश्न असा की सहा ते ऐंशी वयाच्या लोकांसमोर 'चावट' चालतो का? नसेल तर या जातीच्या विनोदाला काय म्हणू? इंग्रजीत याला स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात, म्हणजे सतत तोंडाला तोंड देणाऱ्या जोडीची चक्रम प्रेमकथा.

खारी आणि चहा
आमच्याकडे सांगलीला चावट ही शिवी नाहीच. "लई चावट हाय कार्टं" हे आजी नातवाबद्दल कौतुकानं सांगते, आणि कार्ट्यानं तेव्हा मांजराच्या शेपटीला डबा बांधलेला असतो.

पुणेरी पाटी
सांगलीचं ठीक आहे. पुण्यात चावट म्हटलं की माणसं आधी मागे वळून बघतात, कोणी ऐकलं तर नाही ना.

शुद्धमती
मुळात 'स्क्रूबॉल'ला प्रतिशब्द का शोधला जात नाही? 'विक्षिप्त प्रहसन' हा सरळ, अर्थवाही शब्द आहे. प्रहसन हा आपल्या नाट्यशास्त्रातला प्रकार आहे. तो टाकून परके शब्द कुरवाळायची हौस मला कळत नाही.

तिरकस
'विक्षिप्त प्रहसन आणि मसाला दूध' असं फळ्यावर वाचून कोण गच्ची चढेल? लोकांना वाटेल आयुर्वेदिक शिबिर आहे. सरळ फार्स म्हणा.

शुद्धमती
फार्स परका.

तिरकस
अहो ताई, एकोणिसाव्या शतकात मुख्य नाटक संपलं की शेवटी फार्स व्हायचा, आणि त्यालाही लोक बसायचे. इतकी वर्षं कसल्यावर कुळकायद्याने जमीनसुद्धा त्याच्या नावावर झाली असती. त्याला अजून परका म्हणता?

फिरकी
'स्क्रूबॉल' हा मूळ शब्द बेसबॉलमधला आहे. नेहमीचा वळणारा चेंडू ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला हा जातो. कार्ल हबेल नावाचा गोलंदाज (बेसबॉलवाले क्षमा करोत) यासाठी प्रसिद्ध होता. १९३४ च्याच ऑल स्टार सामन्यात त्याने बेब रूथ, लू गेरिग यांच्यासकट पाच दिग्गज ओळीने बाद केले. म्हणजे आपल्याकडची गुगली. मनगट एक सांगतं, चेंडू दुसरंच करतो. 'गुगली विनोद' लिहा, सहा वर्षांच्या पोरालाही कळेल.

पाना पक्कड
मी आजवर समजत होतो की स्क्रू ढिला असलेल्या माणसांचा सिनेमा म्हणून स्क्रूबॉल. आमच्या गॅरेजमध्ये 'याचा इस्क्रू पडलाय' हे गाडीबद्दल कमी आणि गिऱ्हाइकाबद्दल जास्त बोललं जातं.

फिरकी
तुमचंही अगदीच चूक नाही. इंग्रजीत चक्रम माणसालाही स्क्रूबॉल म्हणतात. पण शब्दाचा जन्म गॅरेजमधला नाही.

पाना पक्कड
म्हणजे निम्मे गुण तरी द्या.

दोन मुलींची आई
शब्द राहू द्या बाजूला. सिनेमा पाहिलाय का कोणी? मी उन्हाळ्यात माझ्या नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलींना दाखवला, म्हणून सांगते. श्रीमंत बापाची पळून आलेली मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार मायामीहून न्यूयॉर्ककडे बसने निघतात. पैसे कमी, म्हणून एका मुक्कामी नवराबायको असल्याचं सांगून एकच खोली घेतात. तो दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधतो, त्यावर घोंगडी टाकतो आणि तिला बायबलमधल्या भिंतीवरून 'जेरिकोची भिंत' असं नाव देतो. पुरुष कपडे कोणत्या क्रमाने काढतो यावर व्याख्यान देत तो शर्ट काढतो आणि ती घाईने घोंगडीपलीकडे पळते. सगळा चावटपणा असा दोरीवर वाळत घातलाय, अंगावर कुठेच नाही. धाकटीला त्यात काही दिसलंच नाही. तिला वाटलं ते घर-घर खेळताहेत. थोरली गालातल्या गालात हसली, मी भिंतीकडे बघितलं.

पण धाकटी दोनदा दचकली. सुरुवातीला बाप मुलीच्या थोबाडीत मारतो तेव्हा, आणि पुढे नायक तिला खांद्यावर टाकून ओढा ओलांडताना मागे चापट मारतो तेव्हा. "आई, हा हिरो आहे ना?" शेवटाकडे तर हिला रोज एक ठोसा हाणणारा कोणीतरी हवा, अशा अर्थाचं वाक्य तो बापाच्या तोंडावर टाकतो. ते विनोद म्हणून लिहिलंय. त्याचं उत्तर मला तयार ठेवावं लागलं, घोंगडीचं नाही. तुमच्या आजींना शब्द खटकला. मला विचाराल तर फळ्यावर 'चावट' राहू द्या, आणि हे मुलांना आधी सांगा.

पुणेरी पाटी
सेन्सॉरने काय म्हटलंय याला?

शुद्धमती
सेन्सॉर नव्हे. १९८३ पासून ते चित्रपट प्रमाणन मंडळ आहे.

तिरकस
हो, आणि रिक्षावाल्याला अजून 'सेन्सॉर बोर्डाजवळ सोडा'च सांगावं लागतं. आता तर २०२४ पासून यूए मध्ये ७, १३, १६ असे वयाचे तीन मजले झालेत. इमारतीच्या गच्चीला मात्र प्रमाणपत्र देणार त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजीच.

फिरकी
अमेरिकेचं त्या वेळचं सांगतो. तिथल्या चित्रपटधंद्याने स्वतःसाठी नियमावली १९३० मध्येच केली होती, पण ती कडकपणे लागू झाली १९३४ च्या जुलैत. हा सिनेमा त्याच वर्षी फेब्रुवारीत आला. थोडक्यात, दार लावायच्या आत शिरला. पुढे पाच ऑस्कर मिळाली, त्यातली चार चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका अशी सगळी मोठी. नियम आवळल्यावर पुढच्या स्क्रूबॉलवाल्यांनी हेच जास्त केलं. हात लावायचा नाही, मग जीभ चालवायची.

मिरजेचे अण्णा
सर्वजण 'चावट'वर तुटून पडला आहात, खरी गोम 'सहकुटुंब'मध्ये आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत कुटुंब म्हणजे बायको. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं म्हणत. म्हणून तर लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असतं. लोकांना ती द्विरुक्ती वाटते. ती नाही. सहकुटुंब म्हणजे पत्नीसह, सहपरिवार म्हणजे बाकीचं लटांबर. गच्चीवाले, तुम्ही नुसतं सहकुटुंब लिहिलंत. अर्थात बायकोला आणा, पोरं घरी ठेवा. मग चावट बिनदिक्कत चालतं. तुमच्या फळ्यात व्याकरणदृष्ट्या काहीच चूक नाही.

दोन मुलींची आई
अण्णा, आणि बायकांनी फळा वाचला तर त्यांनी कोणाला आणायचं?

मिरजेचे अण्णा
तेव्हा फळे बायकांसाठी लिहीत नसत, हे मान्य.

खारी आणि चहा
'कौटुंबिक' तर आणखी वेगळं. मराठीत कौटुंबिक चित्रपट म्हणजे सहकुटुंब रडायचा चित्रपट. १९९१ मध्ये 'माहेरची साडी'ला आमच्या आळीतल्या बायका बैलगाडीतून गेल्या होत्या, आम्ही पोरंही होतो. सासूचा छळ बघून दोन रात्री झोप नाही. पण तो कौटुंबिक, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. त्याच वर्षी 'दिल है के मानता नहीं' आला, म्हणजे गच्चीवाल्यांच्याच सिनेमाची हिंदी आवृत्ती. त्याला मात्र आम्हाला नेलं नाही. "पोरगी पळून जाते त्यात."

तिरकस
त्याआधी 'चोरी चोरी' (१९५६) पण तोच. राज कपूर, नर्गिस. आजींना विचारा, त्यांनी तो आजोबांबरोबर पाहिला असेल.

गच्चीवाला
तिरकसराव, मला या इमारतीत राहायचंय.

जुनं पुस्तक
उशिरा आलो. चावट म्हणजे 'चावतो तो' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: चावण्याशी संबंध जोडू नका. जुन्या मराठीत 'चावटी' म्हणजे बडबड, वटवट. ज्ञानेश्वरीत हा शब्द त्याच अर्थाने येतो, त्यात शृंगाराचा वासही नाही. जास्त बोलणारा तो चावट. पुढे माणूस जास्त बोलायला लागला की कुठल्या विषयावर घसरतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे (हा माझा तर्क) शब्दही तिकडे घसरला.

आता गंमत बघा. त्या सिनेमात एका सकाळी गुप्तहेर मुलीला शोधत खोलीत शिरतात. दोघं क्षणात नवराबायको बनून कडाकडा भांडायला लागतात. तो ओरडतो, ती हुंदके देते, कोणी कोणाचं ऐकत नाही. गुप्तहेर ओशाळून बाहेर पडतात, कारण इतकं मनापासून भांडणारं जोडपं लग्नाचंच असणार. त्यात चावट (नवा अर्थ) काही नाही. नुसती चावटी आहे, ज्ञानेश्वरीतली. फिरकी म्हणाले तसं, जीभ चालवायची. स्क्रूबॉलला मराठी शब्द हवा असेल तर 'चावटीपट' म्हणा.

शुद्धमती
'चावटीपट' हा संकर मला मान्य नाही. व्युत्पत्ती मात्र आवडली.

पुणेरी पाटी
आजींना ज्ञानेश्वरीचा दाखला देऊ नका. पारायण केलं असेल तर त्या तुम्हालाच ओवी विचारतील.

खारी आणि चहा
मग वात्रट का नको? वात्रटिका वर्तमानपत्रात छापून येते, घरातले सगळे वाचतात. चावटिका छापलेली पाहिली का कुणी?

पुणेरी पाटी
वात्रटात विनोद दुसऱ्यावर असतो, चावटात दोघांत. वात्रट मुलगा दगड मारतो, चावट मुलगा चिठ्ठी.

खारी आणि चहा
सांगलीत चावट मुलगाच दगड मारतो, वर सांगितलं ना.

दोन मुलींची आई
'सोज्वळ तरी खट्याळ' असं लिहा आणि संपवा.

शुद्धमती
सोज्ज्वळ. दोन ज. स अधिक उज्ज्वल.

पाना पक्कड
फळ्यावर खडूने दोन ज आणि एक व एकाखाली एक लिहून दाखवा, माझे निम्मे गुण परत करतो.

गच्चीवाला
सर्वांचे आभार. आत्ता खाली जाऊन आलो. कोणीतरी ओल्या बोटाने नेमका एकच शब्द पुसलाय. फळ्यावर आता असं आहे: 'हलकाफुलका, थोडासा       चित्रपट. सर्वांनी सहकुटुंब यावे.' तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने आत्ताच विचारलं, काका, थोडासा म्हणजे किती?

फिरकी
१०५ मिनिटं.

शुद्धमती
'थोडासा'तला 'सा' तरी पुसा. थोडा पुरेसं आहे.