'पेशी निलंबन संवर्धन' : याला आपला शब्द कोणता?

रानमेवा
घाटंजीकडच्या एका शेतकरी गटासाठी छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. विषय असा: वनस्पतीच्या पेशी जमिनीत न लावता टाकीतल्या द्रवात वाढवायच्या आणि त्यातून औषध, रंग, कॉफी, पुढेमागे कापूससुद्धा काढायचा. परिभाषेप्रमाणे 'पेशी निलंबन संवर्धन' लिहिलं. मसुदा गटातल्या एका काकांना वाचायला दिला. त्यांनी विचारलं, "कोनाची पेशी हाय? अन् निलंबित कोन झालं?" ते गंमत करत नव्हते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचा दावा चालू आहे. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, निलंबन पटवाऱ्याचं होतं ते, आणि संवर्धन वनखात्याच्या पाटीवरचं. तिन्ही शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचे, पण तिन्हींचे अर्थ वेगळे. 'पेशी' मी ठेवणार आहे, शाळेतल्या पोरांना तो येतो. अडलंय ते 'निलंबन'पाशी. काय लिहू?

शब्दवेल्हाळ
'निलंबन'च ठेवा. लंब् म्हणजे लोंबणे. लंबक, विलंब, अवलंब ही सगळी त्याचीच भावंडं. द्रवात कण विरघळत नाहीत, अधांतरी राहतात, ते निलंबन. शाळेच्या विज्ञानात द्रावण, निलंबन, कलिल असं एकापाठोपाठ शिकवतात. एका शब्दाला दोन अर्थ असणं हा दोष नाही. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला भरायचा तो, कोणाची गल्लत होते?

पराटी
भाऊ, 'कर' वाचून मानूस घाबरत नाही, 'पेशी' वाचून घाबरते. आमच्या इकडे 'उद्या पेशी हाय' म्हटलं की घरात कोनी धड जेवत नाही. अन् त्याच्या बाजूले निलंबन. कास्तकार ते पान उलटूनच पाहनार नाही.

गोदाकाठ
ही पेशी फारसी. पेश म्हणजे पुढे, समोर. 'पेशवा' त्याच घरातला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारातून असे बरेच शब्द विदर्भात टिकले. पटवारी तसाच, आमच्याकडे तो तलाठी. विज्ञानातली पेशी मात्र संस्कृत, आणि तिचंही गणित चुकलेलंच आहे. सुश्रुतसंहितेत माणसाच्या अंगात पाचशे पेशी सांगितल्या आहेत. त्या आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो त्या. हिंदीत अजून मांसपेशी म्हणतात. मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत 'कोशिका' लिहून कंसात 'पेशी' दिलेलं असे. तेच बरोबर होतं. माझं मत: 'कोशिका' परत आणा, कोर्टाचा प्रश्नही मिटेल.

रानमेवा
गोदाकाठ, माहिती फार चांगली आहे, पण 'पेशी' बदलायची नाही. 'निलंबन'बद्दल बोला ना.

काचपात्र
या कामात काही वर्षं घालवली आहेत, म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, मग शब्द शोधू. गाजराचा तुकडा निर्जंतुक करून आगरवर (पोषक जेलीवर) ठेवला की कापलेल्या कडेवर फिकट पिवळा, भुसभुशीत गोळा धरतो, भिजवलेल्या रव्यासारखा. तो शंकूपात्रातल्या द्रवात टाकायचा. द्रवात क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर आणि अगदी थोडं वाढीचं संप्रेरक. मग पात्र शेकरवर, मिनिटाला शंभर-एकशेदहा फेऱ्या, तापमान २५ अंश. गोळा सुटतो, पेशी एकेकट्या किंवा छोट्या पुंजक्यांनी फिरत राहतात. दर दोन-तीन आठवड्यांनी थोड्या पेशी नव्या द्रवात घालायच्या.

आता मुद्दा. लाइन गेली, शेकर थांबला, की बघता बघता सगळ्या पेशी तळाला बसतात. तसंच राहिलं तर हवा न मिळून मरतात. म्हणजे त्या आपण होऊन तरंगत नाहीत की लोंबत नाहीत, त्यांना सतत हलतं ठेवावं लागतं. 'तरंगती' चूक, 'निलंबन' अर्धवट. शब्दात हलणं हवं. मी 'ढवळसंवर्धन' म्हणेन.

शब्दवेल्हाळ
'ढवळ' देशी आणि 'संवर्धन' तत्सम. असे सांधे कानाला खटकतात.

पराटी
'तिकीटघर' कोनाले खटकते?

काचपात्र, ते संप्रेरक म्हन्जे कोनतं?

काचपात्र
बहुतेक वेळा २,४-डी. लिटरला एक-दोन मिलिग्रॅम.

पराटी
टूफोरडी?? ते तर तननाशक हाय! बाजूच्या वावरात कोनी मारलं अन् वारा इकडे आला तर पराटीचे, म्हन्जे कपाशीचे, पानं भेंडीच्या पानावानी चिरत जाते, बोटाबोटाचे होते. पंप नीट न धुता पराटीवर वापरला तरी तेच. अन् तुमी त्याच्यावर पेशी वाढवता?

काचपात्र
तेच रसायन. मात्रा बदलली की काम बदलतं. थोडं दिलं की पेशी विभागत राहतात, जास्त दिलं की झाडाची वाढच बिघडते. कापूस तर त्याला फारच नाजूक. रानमेवा, पुस्तिकेत हे जरूर घ्या. वाचणाऱ्याला टूफोरडी माहीत आहे, तिथूनच त्याला सगळं कळेल.

मृद्गंध
मला वेगळंच खटकतंय. 'शेतीला पर्याय' असं शीर्षक आहे का? तसं असेल तर तेच चुकीचं. या पेशी हिरव्या नसतात, उन्हावर जगत नाहीत, साखरेवर जगतात. साखर कुठून येणार? उसाच्या नाहीतर बिटाच्या वावरातून. शेती हटली नाही, फक्त काळ्या रानातून उसाच्या फडात गेली.

काचपात्र
मान्य, पण अर्धं. जिथे माल थोडा आणि मोलाचा, तिथे हिशोब जमतो. जपानमध्ये १९८० च्या दशकात एका वनस्पतीच्या मुळातला लाल रंग टाकीतल्या पेशींतून काढून विकायला लागले. ते मूळ जमिनीत तयार व्हायला काही वर्षं लागतात, टाकीत काही आठवडे. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल आधी य्यू झाडाची साल सोलून काढत, आता टाकीतल्या पेशींतूनही निघतं. गाजराच्या पेशींत तयार केलेल्या एका औषधाला अमेरिकेत २०१२ साली मंजुरी मिळाली. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेने २०२१ मध्ये पेशींची कॉफी भाजून दाखवली. गहू-ज्वारीसाठी मात्र हा मार्ग आज परवडणारा नाही.

पराटी
मग 'शेती' शब्द लावूच नका. शेती म्हन्जे नांगरनं, वखरनं, डवरनं, निंदन, अन् पाऊस आला नाही तर डोक्याले हात. टाकीत याच्यातलं काय हाय?

गोदाकाठ
मत्स्यशेती, रेशीमशेती चालते, मग पेशीशेती का नाही?

मृद्गंध
विदर्भात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. 'काश्त' म्हणजे पेरणी, मशागत. शब्द हवाच तर 'द्रवकास्त' घ्या. गटातल्या लोकांना लगेच आपला वाटेल.

शब्दवेल्हाळ
संस्कृत 'द्रव'ला फारसी 'कास्त'! नागपुरात बसून डॉ. रघुवीरांनी परिभाषेचं एवढं काम उभं केलं, ते अशा जोडकामासाठी नव्हे. परिभाषा एकसारखी नसेल तर पुढच्या पोरांना एकाच गोष्टीची चार नावं पाठ करावी लागतील. मी ज्या मुलांना शिकवलं त्यांचे हाल मी पाहिले आहेत.

मृद्गंध
आणि ज्या शब्दांना शेतकरी पानावरच अडतो, त्यांनी कोणाचे हाल होतात?

पराटी
'द्रवकास्त' मले पटत नाही. कास्तकार आमी आमाले म्हन्तो. तो शब्द टाकीवाल्या कंपनीले देऊ नका.

रानमेवा
हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. 'द्रवकास्त' बाद. सध्या 'हलत्या द्रवातली पेशीवाढ' असं लिहिते आणि 'निलंबन' एकदाच, मागच्या शब्दसूचीत. चालेल? कापसाच्या प्रकरणात अजून एक अडचण आहे. कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, सरकीच्या सालीवरची, लांबत लांबत २५-३० मिलिमीटर झालेली. १९७० च्या दशकातच कपाशीची बीजांडं द्रवावर ठेवून त्यांच्यावर तंतू वाढवले होते. आता गॅली नावाची कंपनी बियाशिवाय, नुसत्या पेशींतून कापूस काढायच्या मागे आहे. याला 'टाकीतला कापूस' म्हणू का?

पराटी
नाही. ज्याच्यात सरकी हाय तो कापूस. जिनिंगमधून निंगाली ते रुई. एक क्विंटल कापसाले ३३-३५ किलो रुई पडते, भाव त्याच्यावर ठरते. टाकीत सरकीच नाही, मंग तिथं कापूस झालाच कधी? ते सुरुवातीपासून रुईच.

काचपात्र
हे एकदम नेमकं आहे. 'टाकीतली रुई'.

गोदाकाठ
पण रुई म्हणजे आमच्याकडे मारुतीला पानं वाहतात ते झाड. वाचणारा तेच समजेल.

पराटी
त्याले आमी रुईचं झाड म्हन्तो, नुसतं रुई नाही. वेचनीच्या दिवसात कोनत्याही जिनिंगवर जाऊन इचारा.

झाडीपट्टी
उशिरा आलो. आमच्या भंडाऱ्याकडे धान, कापूस नाही. इथे 'रुई' म्हटलं की गादीतली, आणि झाडाला 'रुई'च. कोश दोन्ही अर्थ देतात. पण तुमच्या 'पराटी'चं काय? मी 'पऱ्हाटी' ऐकलंय, आणि तेही वाळलेल्या काड्यांना, उभ्या पिकाला नाही. घाटंजीकडे उभ्या पिकालाही हाच शब्द?