भंडारदरा परिसर: शनिवारी गर्दी होते, पण पैसा वाडीत राहत नाही. काय करावं?

रानवाट:
नमस्कार मंडळी. भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला, रतनवाडी-साम्रद पट्ट्यात आमची वाडी. मे अखेरीस काजवे, पावसात धबधबे, दिवाळीनंतर सांदण दरी आणि रतनगड. पण बुकिंग पुण्या-मुंबईत होतं, तंबू आणि किराणाही बाहेरून येतो. वाडीच्या वाट्याला जागाभाडं आणि कचरा. बचत गटातल्या बायका जेवण-मुक्काम स्वतः चालवायला तयार आहेत. कर्ज काढून वीस तंबू घ्यावेत का? जेवणाचा दर कसा काढायचा?

जमाखर्च:
तंबूंसाठी कर्ज अजिबात काढू नका. पावसाळ्याचे चार महिने ते बंद. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे शनिवार आणि काजव्यांचे दोन-तीन आठवडे धरले तर वर्षाला जेमतेम पंचवीस रात्री भाडं मिळेल, हप्ता मात्र बारा महिने. शिवाय दवाने ओला झालेला तंबू तसाच गुंडाळला की आतला लेप चिकट होऊन सुटतो आणि पुढच्या पावसात गळतो.

सुरुवात जेवणापासून करा. एका ताटाला 150 ग्रॅम तांदूळ, दोन भाकरींचं 160 ग्रॅम पीठ, पिठल्याला 40 ग्रॅम बेसन, 100 ग्रॅम भाजी, 25 मिली तेल. गॅस धरून 65 रुपये माना. दर 150 ठेवला तर 85 उरतात. त्यातले 50 स्वयंपाक, वाढप आणि भांड्यांच्या मजुरीला, 15 गटाच्या खात्यात, 20 ज्या घरी पंगत त्या घराला. घरचा काळभात (इथला तांदूळ) किंवा नाचणी वापरली तरी बाजारभावाने खर्चात लिहाच. बहुतेक गटांचं गणित इथेच चुकतं: घरचा दाणा आणि बाईची मजुरी लिहिलेली नसते, म्हणून नफा दिसतो आणि हातात काही येत नाही.

आयोजक चाळीस माणसं सांगतात आणि अठ्ठावीस आणतात. किराणा राजूरहून आणायचा असतो, त्यामुळे गुरुवार संध्याकाळपर्यंत निम्मी रक्कम जमा झाली नाही तर चूल पेटवायची नाही. हे बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवा.

पाणवठा:
दराआधी पाणी मोजा. धरण 1926 मध्ये पुरं झालं, पण त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या ऊसपट्ट्याला जातं, आणि काजव्यांची गर्दी नेमकी विहिरी तळाला गेलेल्या असताना येते. मुक्कामी माणसाला संडास-अंघोळीसह 40 लिटर धरा. साठ पाहुणे म्हणजे एका रात्रीत 2400 लिटर. मे महिन्यात विहीर उपसून रात्रभरात किती पाझरतं ते बघा, गावाचं आणि जनावरांचं वजा करा, उरेल तेवढेच पाहुणे घ्या. टँकर मागवावा लागला तर ताटामागचे वीस रुपये त्यातच जातील.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. तुमच्याकडे दोन हातांवर कातळ लागतो. तिथे एकच खोल खड्डा पावसात तुंबून उलटा येतो. दोन उथळ खड्डे आलटून-पालटून वापरा आणि कडेने मातीचा बांध घाला.

कडेकपारी:
हे कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासून. वनजमिनीवर तंबू, शेकोटी काही नाही. मुक्काम मालकीच्या जागेतच. ग्रामपरिस्थितिकी विकास समितीत (वनखातं आणि गाव मिळून चालवतात ती) गटाच्या दोघी तरी असाव्यात. अभयारण्याच्या प्रवेश शुल्कातून कचरा उचलायला काय मिळेल, ते समितीच्या बैठकीत ठरवून घ्या.

सांदणीत पाण्याच्या कुंडांपर्यंत स्थानिक वाटाड्या चालतो, दहा माणसांमागे एक. त्यापुढे दोराने उतरायचं असेल तर ते 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केलेल्यांचं काम. गटाने फक्त वाटाड्या, जेवण आणि सामानवाहतूक विकावी. पावसाळ्यात सांदण बंद म्हणजे बंद. वर सरी पडल्या की घळीत लोंढा येतो, आणि दोन्ही बाजूंना उभा कडा असल्याने पळायला जागा नसते.

काजव्यांसाठी गाड्या वेशीबाहेर थांबवा, पुढे पायी न्या. नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणांनी शोधतात. हेडलाइट किंवा फ्लॅश पडला की त्या खुणा दिसत नाहीत, मग मिलन नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी. विजेरीला लाल जिलेटिन लावा. हिरडा, बेहडा, ऐनाखाली कुणालाही फिरू देऊ नका, माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात. झाडं तुटली तर बाळहिरड्याचा (वाळवून विकतो त्या कोवळ्या हिरड्याचा) पैसाही जाईल, आणि तो पाहुण्यांवर अवलंबून नाही.

रानवाट:
आभारी आहे. तंबूंचा विचार सोडला. पाहुणे कोणाकडे पाठवायचे यावरून भांडणं होतील, त्याचं काय?

जमाखर्च:
घरांची पाळी लावा आणि यादी देवळाच्या भिंतीवर टांगा. एका घरी सहापेक्षा जास्त मुक्कामी नकोत. ज्या घराने पाळी नाकारली ते यादीच्या शेवटी. पैसे आधी गटाच्या खात्यावर, तिथून घराला सोमवारी. पाहुण्याने थेट घरमालकाला फोन केला तरी पाळी मोडायची नाही, हे पहिल्याच बैठकीत सह्या घेऊन ठरवा.